‘पाखंडी’ हा शब्द मुळात शिवी होता का?

भीमाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका शब्दाबद्दल विचारायचं आहे, पण तो माझ्यापर्यंत कसा आला ते आधी सांगतो.

ज्येष्ठात माझे वडील गेले. जायच्या दोन वर्षं आधी त्यांनी मला आणि बहिणीला समोर बसवून सांगितलं होतं, माझा दहावा-तेरावा करायचा नाही, पिंड नाही, दानं नाहीत. जो खर्च झाला असता तो मी शिकवत होतो त्या शाळेच्या वाचनालयाला द्या. आम्ही तसंच करायचं ठरवलं.

दहाव्या दिवशी सकाळी सात वाजता आत्या दारात उभी. वय ८१. हातात कापडी पिशवी, तिच्यात काळे तीळ, दर्भाची जुडी, जवाचं पीठ आणि पळसाच्या पत्रावळी. सगळं तिनं स्वतः बाजारात फिरून गोळा केलेलं. मी घाटावर जाणार नाही म्हटल्यावर तिनं पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाली, ‘माझ्या भावाच्या पोटी पाखंडी निघाला रे.’ पाणीसुद्धा न घेता रिक्षात बसून गेली.

मला आत्याचा राग नाही. वडिलांचे शेवटचे तीन महिने, रात्री दोन-दोनदा उठून त्यांची कूस बदलणारी तीच होती. पण तो शब्द डोक्यातून जात नाही. मी टॉवेलच्या धंद्यातला माणूस, भाषेचा अभ्यास नाही. मला पाखंडी म्हणजे ढोंगी एवढंच माहीत. ढोंग तर मी केलं नाही. उलट चारचौघांसाठी दहावा उरकून घेतला असता तर ते ढोंग झालं असतं. मग आत्याला काय म्हणायचं होतं? आणि हा शब्द आला कुठून?

---

अक्षरवेडा

वडिलांना आदरांजली.

दादा, मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि आत्याबाईंनी जुना वापरला. जुना अर्थ म्हणजे वेदाला, शास्त्राला, रूढ आचाराला न मानणारा. ढोंगी हा अर्थ त्याच्या शेजारी वाढला, आणि हिंदी बातम्या-मालिका ऐकून आता तोच पुढे आलाय. हिंदीत पाखंड म्हटलं की लोक भोंदूबाबाच डोळ्यांपुढे आणतात. स्वामी दयानंदांनी १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात ‘पाखंड खंडिनी’ पताका उभारली, तिच्यात हे दोन्ही अर्थ एकत्र वाजतात. म्हणजे तुम्ही शास्त्राविरुद्ध आहात, आणि वर लोकांना फसवताही आहात.

व्युत्पत्तीबद्दल जुन्या टीकाकारांनी सांगितलेली एक फोड आहे. ‘पा’ म्हणजे पालन करणारा तीन वेदांचा धर्म, आणि त्याचं जे ‘खंडन’ करतात ते पाखंड. ऐकायला चोख वाटते. पण ही फोड शब्द वाईट ठरून गेल्यानंतर, अर्थाच्या मापाने शिवलेली आहे. कारण मूळ शब्दात ‘खंड’ नाहीच. मूळ रूप पाषंड. ‘ष’ चा ‘ख’ होणं आपल्याकडे नेहमीचं. जुन्या मराठीत विष-विख, दोष-दोख झालं, हिंदीत वर्षाची बरखा झाली. तसं पाषंडचं पाखंड झालं. आधी ‘ख’ आला, मग त्यात कुणाला तरी खंडन दिसलं.

---

तुळशीमाळ

भीमाकाठचा भाऊ, रागावू नका, पण मनात आलं ते लिहितो. वडिलांचा शब्द तुम्ही पाळलात हे बरोबर. तरी दहाव्याला घाटावर जाऊन नुसती एक ओंजळ पाणी सोडलं असतं तर त्या माउलीचा जीव थंडावला असता. तिचा भाऊ गेला होता.

शब्दाबद्दल. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात सुरुवातीला गुरुकृपेला विनवणी आहे, तिथे माउली ‘पाखांडाचे दरकुटे’ मोडून काढायला सांगतात. दरकुटे म्हणजे डोंगरातले अवघड कडेकपारे. त्याच ओवीत वाग्वादाच्या आडवाटा आणि कुतर्काची हिंस्र जनावरं आहेत. म्हणजे पाखांड म्हणजे वाट चुकवणारं रान, असा तिथला भाव.

आणि तुकोबांची एक ओळ बघा, ‘पाखांड्यांनीं पाठी पुरविला दुमाला, तेथें मी विठ्ठला काय बोलों’. इथे पाखांडी कोण? तर तुकोबांच्या पाठी लागलेले, त्यांना छळून प्रश्न विचारणारे. कीर्तनात ही ओळ मी कितीतरी वेळा ऐकली, पण तुमचा धागा वाचल्यावर पहिल्यांदा थबकलो. ज्यांनी वेदाचा अधिकार नाही म्हणून तुकोबांना त्रास दिला, त्यांच्या लेखी तुकोबाच वाट सोडलेले होते. आणि तुकोबांच्या लेखी छळणारे. शब्द एकच, बोट दोन्हीकडून.

---

पूर्वविभाग

वाचतोय. चांगला धागा.

---

कसब्यातली सून

मी माहेरची कलबुर्गीकडची, सासर सोलापूर. घरात कन्नड, बाहेर मराठी. कन्नडमध्येही हा शब्द ‘पाषंडि’ असा आहे आणि अर्थही तुम्ही म्हणता तोच.

पण मला वेगळंच सांगायचंय. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की मांडी घालून बसवून पुरतात, आणि मरणाचं सूतक मानायचं नाही ही शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या वाटेने गेलेल्या संतांची, शिकवण आहे. पाच सूतकं बसवण्णांनी नाकारली, त्यात मरणाचंही आलं. दर्भ, तीळ, पिंड यांचा आमच्या घरी प्रश्नच नाही. तुमच्या आत्यांच्या हिशोबाने आमची अख्खी गल्ली पाखंडी व्हायला हवी! पण तुमच्या आत्या संक्रांतीला सिद्धरामांच्या गड्डा यात्रेत येतच असतील, नंदीध्वजांना हात जोडत असतील. सोलापुरात जन्म काढलेली बाई ते चुकवणार नाही.

आता सिद्धरामांचाच विचार करा. तळं खोदलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, सगळं सोलापूर ज्यांना ग्रामदैवत मानतं ते बाराव्या शतकातले शिवयोगी. आमच्या परंपरेत सांगतात की अल्लमप्रभू इथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना खडसावलं, ‘दगड-मातीची कामं करत बसलास, आतला शोध कधी घेणार?’ मग सिद्धराम कल्याणला (म्हणजे आजच्या बसवकल्याणला) गेले, चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतली, पुढे अनुभवमंटपाच्या, म्हणजे शरणांच्या धर्मसभेच्या, शून्यसिंहासनावर बसले. कल्याणचे ते शरण कोण होते? मुंज नाकारणारे, जातीबाहेर लग्न लावणारे, देवळाऐवजी तळहातावर लिंग धरणारे. जुन्या शास्त्राच्या व्याख्येत हे सगळे कुठे बसले असते ते सांगायला नको. आणि आज आपण त्यांच्याच नावाच्या तळ्याकाठी संध्याकाळी फिरायला जातो.

एक मात्र खरं बोलायला हवं. आमच्याकडेही बाहेरच्यासाठी एक शब्द होता, ‘भवी’. लिंगदीक्षा नसलेला, संसारात अडकलेला. भवीच्या हातचं खायचं नाही असं माझी आजी सांगायची. ज्यांना बाहेर काढलं त्यांनीही आपलं दार करून घेतलं, हे मला लहानपणापासून टोचतं.

---

शुक्रवारपेठ

ताईंनी खरेपणाने लिहिलं म्हणून मीही लिहितो. आम्ही जैन. आपल्या सोलापुरातल्या जीवराज जैन ग्रंथमालेची पुस्तकं आजोबांच्या कपाटात होती, त्यामुळे थोडं वाचन झालं. श्रद्धेत दोष आणणाऱ्या पाच गोष्टींची यादी आमच्यात असते. शंका, कांक्षा, विचिकित्सा, आणि पुढच्या दोन म्हणजे परक्यांची प्रशंसा आणि परक्यांशी घसट. तत्त्वार्थसूत्र या आमच्या ग्रंथात इथे ‘अन्यदृष्टि’ म्हटलंय. श्वेतांबर पंथाच्या आगमांत, म्हणजे मूळ धर्मग्रंथांत, मात्र थेट ‘परपासंड’ हा शब्द आहे.

त्यातला ‘पर’ महत्त्वाचा. पर-पासंड म्हणायला लागतं याचा अर्थ नुसता पासंड म्हणजे वाईट नव्हता. पासंड आपलाही असतो, परक्याचाही. माझ्या लहानपणी हे कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण मी घरात पाखंडी हा शब्द फक्त दुसऱ्यांसाठी ऐकला.

---

ब्राह्मीवाचक

शुक्रवारपेठ यांनी नेमका धागा पकडला. त्याच टोकाने मागे जाऊ. जरा लांब लिहितो, सहन करा.

या शब्दाचे सगळ्यात जुने भरवशाचे उल्लेख दगडावर आहेत, अशोकाच्या लेखांत, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. तिथे पासंड हा शब्द वारंवार येतो आणि एकदाही शिवी म्हणून येत नाही. सातव्या शिलालेखात राजा म्हणतो, सगळे पासंड सगळीकडे राहोत, कारण सगळ्यांनाच संयम आणि मनाची शुद्धी हवी असते. बारावा शिलालेख तर पूर्ण याच विषयावर आहे. गिरनारच्या दगडावर त्याची सुरुवात अशी, ‘देवानंपिये पियदसि राजा सवपासंडानि च पवजितानि च घरस्तानि च पूजयति’. देवांचा लाडका प्रियदर्शी राजा सगळ्या पासंडांचा, मग ते संन्यासी असोत की घरसंसारी, मान ठेवतो. पुढे म्हणतो की दान आणि पूजा यांपेक्षा मला मोल आहे ते सगळ्या पासंडांमधलं सार वाढण्याचं. आणि त्याचं मूळ काय? ‘वचिगुती’, म्हणजे जीभ सांभाळणं. आपल्या पासंडाची उगाच थोरवी गायची नाही, दुसऱ्याच्या पासंडाची उगाच ‘गरहा’ करायची नाही. आपल्या मराठीतलं ‘गर्हणीय’ तेच. जो आपल्याच्या प्रेमापोटी दुसऱ्याला खाली ओढतो तो आपल्याच पासंडाचं अधिक नुकसान करतो, हेही तिथे आहे.

तर पासंड म्हणजे काय? एक व्रत, एक आचार धरून राहणाऱ्यांचा समुदाय. पंथ म्हणा. आणि या पंथांत कोण येतात? दिल्लीत आणून उभा केलेला जो टोपऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या सातव्या लेखात राजा सांगतो की धर्ममहामात्र हे अधिकारी संघासाठी, ब्राह्मणांसाठी, आजीविक पंथीयांसाठी, निर्ग्रंथांसाठी (म्हणजे जैन साधूंसाठी) आणि इतर नाना पासंडांसाठी काम करतील. म्हणजे स्वतः राजा ज्याचा उपासक होता तो बौद्ध संघसुद्धा त्याच रांगेत, आणि ब्राह्मणही. कुणी आत, कुणी बाहेर असं नाही. पुढे ओडिशात खारवेल राजाने हाथीगुंफेच्या लेखात स्वतःला सगळ्या पासंडांचा पूजक म्हणवून घेतलंय, बिरुद म्हणून.

व्युत्पत्ती अनेक अभ्यासक ‘पर्षद्’ या शब्दाकडे नेतात. पर्षद् म्हणजे सभा, मंडळी. वायव्येकडे शाहबाजगढीच्या खरोष्ठी लिपीतल्या लेखात हाच शब्द ‘प्रषंड’ असा कोरलाय, त्यातला ‘र’ या मताला आधार देतो. हे मत धरलं तर आपली ‘परिषद’ आणि आपलं ‘पाखंड’ ही चुलत भावंडं ठरतात. एकाला अध्यक्षपदाचा हार, दुसऱ्याला गावाबाहेरचा रस्ता.

गावाबाहेरचा रस्ता हे मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे की पाषंडी, निषिद्ध कर्म करणारे, तर्क लढवणारे हैतुक, बगळ्यासारखे वागणारे यांचा नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये. नवव्या अध्यायात राजाला सांगितलंय की जुगारी, पाषंडी, दारू गाळणारे यांना ताबडतोब नगराबाहेर घालवावं. अशोक ते मनुस्मृती हे काही शतकांचं अंतर. तेवढ्यात शब्द एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत गेला. दुसऱ्या रांगेत ढोंगी शेजारी बसलेला होताच, म्हणून पुढे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले.

याच लेखांतला आणखी एक शब्द असाच घसरला. ‘देवानांप्रिय’ ही अशोकाची पदवी. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत नोंद आहे, ‘देवानांप्रिय इति च मूर्खे’. मूर्ख या अर्थी. राजाची पदवीही गेली आणि त्याने ज्यांचा मान राखला त्या पासंडांचं नावही गेलं.

आता सोलापूरकरांसाठी. बारावा शिलालेख वाचायला गिरनारला जायची गरज नाही. आपल्या भीमेच्याच काठी, कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती नावाचं गाव आहे. तिथे चंद्रलांबेच्या देवळाच्या आवारात कालीचं देऊळ होतं. ऐंशीच्या दशकात त्याचं छत कोसळलं, मूर्ती भंगली, आणि मूर्तीखालची पीठाची शिळा उघडी पडली. तिच्या दोन्ही बाजूंना ब्राह्मी अक्षरं निघाली. मूर्ती बसवण्यासाठी मध्ये चौकोनी खाच पाडल्यामुळे काही मजकूर गेला, पण उरलेल्यात अशोकाचा बारावा लेख आहे, चौदावा आहे, आणि दोन स्वतंत्र लेख आहेत. शेजारच्या कनगनहळ्ळीला स्तूप सापडला, तिथल्या शिल्पात राजा-राणी आहेत आणि वर नाव कोरलंय, ‘रायो असोको’.

---

भीमाकाठचा

ब्राह्मीवाचक, तुमचा प्रतिसाद मी दुकानात बसून वाचला आणि शेवटच्या परिच्छेदाला उठून उभा राहिलो.

सन्नतीची चंद्रलांबा आमचं कुलदैवत आहे. आत्या दरवर्षी जायची, गुडघे गेल्यापासून चार वर्षं गेलेली नाही. लहानपणी मीही गेलोय, नदीत पाय सोडून बसलोय. त्या आवारात असा दगड होता हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. वडिलांनाही नसावं, नाहीतर त्यांनी सांगितल्याशिवाय सोडलं नसतं.

---

गिरणगल्ली

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण एक शंका मांडतो, राग नसावा. शब्द दोन हजार वर्षांपूर्वी चांगला होता म्हणून आज तो चांगला होतो का? ‘साहस’ घ्या. धर्मशास्त्रात साहस म्हणजे जबरदस्तीचा गुन्हा, लूटमार, मारहाण. आज साहसी मुलांना पुरस्कार देतात. ‘असुर’ घ्या, ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय. म्हणून कुणी आपल्या पोराला असुर म्हणेल का? आत्यांनी शब्द वापरला तो आजच्या अर्थाने, आणि तो लागला तोही आजच्याच अर्थाने. अशोकाच्या दगडाने ती जखम कशी भरणार?

---

ब्राह्मीवाचक

तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणून नीट उत्तर देतो. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असं मी म्हणत नाही. शब्द चालेल तसा चालू द्यावा. पण साहस आणि पाखंड यांच्या प्रवासात एक फरक आहे. साहस बदललं ते हळूहळू, सगळ्यांच्या बोलण्यातून. पाखंड बदललं ते एका बाजूने, ज्याच्या हातात लेखणी होती त्याच्या बाजूने. ज्यांना पाखंडी म्हटलं गेलं त्यांनी स्वतःसाठी तो अर्थ कधी निवडला नव्हता. म्हणून कुणी हा शब्द उच्चारला की मी मनात विचारतो, हे कोण कुणाला म्हणतंय? नुसता शब्द धरून ते कळत नाही, बोलणारा कुठे उभा आहे ते बघावं लागतं.

युरोपातही हेच झालंय. इंग्रजीत ‘हेरेसी’ म्हणतात, तो ग्रीक ‘हैरेसिस’ वरून. हैरेसिस म्हणजे निवड, आणि त्यावरून निवडलेला मार्ग, मताची एक शाखा. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस आपल्या समाजातल्या परूशी, सदूकी यांच्या पंथांना हाच शब्द लावतो, कसलाही दोष न देता. चर्चची सत्ता आली, एकच मत अधिकृत ठरलं, आणि निवड हाच अपराध झाला.

---

विजापूरवेस

आमच्या घरात उर्दू. माझे अब्बा मदरशात शिकलेले, त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘काफिर’ लफ्जाचंही सांग त्यांना. अरबीत त्या धातूचा अर्थ झाकणं. सत्य झाकतो तो काफिर, असा धार्मिक अर्थ. पण शेतकरीही बी मातीत टाकून वरून झाकतो, म्हणून कुराणातल्या सूरह हदीदच्या विसाव्या आयतीत ‘कुफ्फार’ हा शब्द आलाय तिथे अनेक मुफस्सिर, म्हणजे कुराणाचे भाष्यकार, ‘शेतकरी’ असाच अर्थ लावतात. पाऊस पडतो, पीक बघून ते खूष होतात, असा तो प्रसंग आहे. अब्बा ही आयत नेहमी मृगाच्या तोंडावर म्हणतात. आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे मंगळवेढ्याकडे, ज्वारीची.

ते असंही म्हणाले की ज्याला लोक उठताबसता काफिर म्हणतात त्याच्याशी आधी दोन घास जेवून बघावं.

---

अक्षरवेडा

अब्बांना सलाम सांगा.

नास्तिक हा शब्दही इथे नोंदवून ठेवतो, कारण लोक तो आणि पाखंडी एकच समजतात. पाणिनीच्या सूत्रात ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ आहे. ‘आहे’ असं ज्याचं मत तो आस्तिक, ‘नाही’ असं मत तो नास्तिक, आणि दैवावर भरवसा तो दैष्टिक. मनूने मात्र वेदाची निंदा करणारा तो नास्तिक, असं केलं. नास्तिकात मत आहे. पाषंडात आचार आहे, धरलेलं व्रत आहे, सोबत मंडळी आहेत. एकटा माणूस नास्तिक असू शकतो. जुन्या अर्थाने एकटा माणूस पाषंड होऊ शकत नाही.

---

भीमाकाठचा

अक्षरवेडा, तुमचं शेवटचं वाक्य घेऊन मी काल आत्याकडे गेलो. पंधरा दिवसांनी. साखर पेठेत तिचं जुनं घर, दुपारची वेळ, ती पाटावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘पिशवी टाकली का?’ मी सांगितलं, नाही, देवघराच्या फडताळात आहे, तीळ डब्यात काढून ठेवलेत. तिनं मान हलवली, एवढंच.

मग मी सरळ विचारलं, ‘आत्या, तू मला पाखंडी म्हणालीस. म्हणजे काय म्हणालीस?’

ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, ‘तुझ्या आजोबांचा दहावा अण्णानं केला. आजीचा केला. तुझ्या आईचा केला. प्रत्येक वेळी मी मागे उभी होते. आता अण्णाच्या वेळी तू मला मागे उभं राहायलाही ठेवलं नाहीस. घरातलं जे सगळ्यांनी मिळून करायचं ते एकट्यानं ठरवून मोडतो, तो पाखंडी.’

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, आणि तिनं तिच्या शब्दांत तेच सांगितलं. तिला वेदाचं, शास्त्राचं काही नव्हतं. तिची तक्रार मंडळीतून वगळल्याची होती. तुळशीमाळ दादा, तुम्ही पहिल्याच दिवशी ते ओळखलंत, मला वेळ लागला. वडिलांचा शब्द मी मोडला नसता, आजही मोडणार नाही. पण तिला आधी जाऊन सांगता आलं असतं, की अण्णानं असं असं सांगून ठेवलंय. ते मी केलं नाही. तिला थेट दहाव्या दिवशी दारात कळलं. ती चूक माझी.

मग मी तिला सन्नतीच्या दगडाचं सांगितलं. ब्राह्मीवाचकांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला, पाली भाषेसारखी ती ओळसुद्धा. तिला ती कळली नाही, पण ‘घरस्तानि’ ऐकल्यावर म्हणाली, ‘घरचे म्हणतोय का?’ मी म्हटलं, घरसंसारी, हो. कालीच्या मूर्तीखाली तो दगड होता म्हटल्यावर तिनं शेंग बाजूला ठेवली. ‘म्हणजे इतकी वर्षं मी त्या देवळासमोर डोकं टेकलं, तेव्हा तो खालीच होता?’

---

ब्राह्मीवाचक

हो. आत्याबाईंनी ज्या वर्षांत नमस्कार केले, त्यातली बरीच वर्षं तो मूर्तीच्या पायाखालीच होता.

त्याच लेखात आणखी एक ओळ आहे, ती त्यांना वाचून दाखवा. ‘समवायो एव साधु’, एकत्र येणं हेच चांगलं. कशासाठी? तर एकमेकांचा धर्म ऐकावा, ऐकण्याची इच्छा धरावी. ‘स्रुणारु च सुसुंसेर च’. यातलं ‘सुसुंसेर’ म्हणजे संस्कृतातली शुश्रूषा. शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आज्ञा ऐकण्यासाठी जवळ राहणं, त्यावरून सेवा, आणि त्यावरून आजाऱ्याची सेवा.

---

कसब्यातली सून

शुश्रूषेचं हे मला माहीत नव्हतं. भीमाकाठचा दादा, तुमच्या आत्यांनी तीन महिने तेच केलं.

सन्नतीला जाणार असाल तर आमच्या माहेरचे लोक तिथून जवळच आहेत. रेल्वेने कलबुर्गीपर्यंत या, पुढे गाडीची सोय मी करते. आत्यांना उन्हाचं नेऊ नका. पाऊस संपला की नदी भरलेली असते आणि हवाही बरी.

---

भीमाकाठचा

ताई, आभार. दिवाळीनंतरचं ठरवतोय. मी, बहीण आणि आत्या.

शुश्रूषेचा अर्थ आत्याला काल रात्री फोनवर सांगितला. ती म्हणाली, ‘अण्णा बोलायचाच कुठे शेवटी? नुसता हात हलवायचा. तेच ऐकावं लागायचं.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘ओटीचं सामान मी घेते, खण घरात आहे. तू तो दगड कुठे ठेवलाय ते तिथे विचारून घे. आणि फडताळातले तीळ बरोबर आण, घाटावर नाही, नदीत मी माझ्या हातानं सोडीन.’

मी हो म्हटलं.